दंड नको, नियम लिहा: गोव्यातल्या फुटबॉल कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोवा फुटबॉल असोसिएशनचे पदाधिकारी आणि गोव्यातील क्लबांचे मालक व व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

20 डिसेंबर 2015 ची फातोर्ड्याची रात्र आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता; शेवटच्या काही मिनिटांत चेन्नईयनने तो फिरवला, एफसी गोवा 3-2 अशी हरली आणि त्यानंतरच्या गदारोळात आपला संघ बक्षीस समारंभाला उभाच राहिला नाही. पुढच्या मे महिन्यात लीगच्या नियामक आयोगाने हिशेब चुकता केला: 11 कोटी रुपये दंड, पुढच्या मोसमातले 15 गुण वजा, सहमालकांवर बंदी. अपिलात हे सगळे बरेच सौम्य झाले, तरी आकडा लक्षात राहिला. लीगची चारचौघांत नाचक्की झाली तर कोणते कलम लागते आणि किती कोटी मोजावे लागतात, हे त्या दिवशी अख्ख्या गोव्याला कळले.

आता मला दुसऱ्या एका गोष्टीचे कलम सांगा. करारबद्ध खेळाडूने घरी बायकोला मारले, ती पोलिसांत गेली किंवा कोर्टात आली, तर आपला नियम काय? लीगचा, असोसिएशनचा, क्लबाचा? असेल तर तो आपल्या संकेतस्थळावर ठळकपणे टाका, मी हे पत्र मागे घेते. नसेल तर पुढचे वाचा.

मी म्हापशात वकिली करते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे अर्ज हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि इथल्या दुलेर मैदानावर चांगला फुटबॉल सामना असला की काम लवकर आटोपून मी तिथे असते. म्हणजे दोन्ही बाजूंची माणसे माझ्या ओळखीची आहेत. खेळाडूंना बदनाम करायला हे लिहीत नाही. वकील, बँक अधिकारी, मास्तर, सगळ्यांच्या बायका माझ्याकडे येतात; फुटबॉलवाले त्यात वेगळे नाहीत. फरक एवढाच की वकिलाच्या नावाचा टी-शर्ट घालून लहान मुले फिरत नाहीत.

हा नियम करायला आपण उशिरा निघालो आहोत, त्याचा एक फायदा आहे. आधी निघालेल्यांनी ठेचा खाऊन ठेवल्या आहेत.

सगळ्यात मोठी ठेच एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची. फेब्रुवारी 2014 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचा रे राइस याने अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडले. लिफ्टबाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांतच सगळ्यांनी पाहिले: दार उघडते आणि तो तिला ओढत बाहेर काढतो. जूनमध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी चौकशी केली. तिलाही बोलावले, पण विचारले ते त्याला शेजारी बसवून, क्लबाचे बडे अधिकारी खोलीत असताना. तोवर दोघांचे लग्न झाले होते. आमच्याकडे एखाद्या ज्युनियरने पीडितेची हकीकत अशा पद्धतीने ऐकली असती तर मी त्याला महिनाभर फायली वाहायला लावल्या असत्या. नवऱ्याचा पगार ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेली बाई काय बोलणार? जुलैमध्ये शिक्षा आली: दोन सामने. त्याच उन्हाळ्यात त्याच लीगने गांजाच्या चाचणीवरून दुसऱ्या एका खेळाडूला अख्खा मोसम बाहेर बसवले होते. ती बंदी पुढे दहा सामन्यांवर आली, तरी दोनाच्या पाचपट.

लोक खवळले. ऑगस्टअखेर गुडेल यांनी क्लबमालकांना पत्र लिहून आपला निर्णय चुकला असे मान्य केले आणि नवे धोरण सांगितले: पहिल्या वेळी बिनपगारी सहा सामने, दुसऱ्या वेळी हद्दपारी. 8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतले चित्रण बाहेर फुटले. ठोसा दिसला. त्याच दिवशी क्लबाने करार मोडला आणि लीगने त्याला बेमुदत निलंबित केले. नोव्हेंबरअखेर बार्बरा जोन्स या माजी न्यायाधीशांनी लवाद म्हणून ते निलंबन रद्द केले. राइसने जूनच्या चौकशीत लीगची दिशाभूल केली नव्हती, मग त्याच कृत्यासाठी दुसऱ्यांदा शिक्षा कशी, असा त्यांचा सरळ सवाल होता. मला तो निकाल पटतो, राइस कितीही नावडता असला तरी. कृत्य फेब्रुवारीतही तेच होते आणि सप्टेंबरातही तेच. मधल्या काळात फक्त पाहणारे वाढले होते. हाताशी लिखित नियम नसला की शिक्षा गुन्ह्याच्या मापाने न होता गवगव्याच्या मापाने होते: आधी फार कमी, मग फार जास्त, आणि शेवटी रद्द.

नियम लिहिला म्हणजे भागले असेही नाही. दोनच वर्षांनी, 2016 मध्ये, न्यूयॉर्क जायंट्सच्या जॉश ब्राउनला त्याच सहा सामन्यांच्या नियमाखाली एक सामना मिळाला. ऑक्टोबरमध्ये पोलिसांची कागदपत्रे जाहीर झाली, त्यात बायकोला मारल्याची कबुली त्याच्याच हस्ताक्षरात होती, आणि मग क्लबाने त्याला काढले. पुन्हा तेच.

तिथल्याच बेसबॉलवाल्यांनी जास्त डोके चालवले. 2015 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी खेळाडूंच्या संघटनेबरोबर बसून धोरण ठरवले. कोर्टाने दोषी ठरवलेच पाहिजे अशी अट त्यात नाही, चौकशी चालू असताना खेळाडूला काही दिवस पगारी रजेवर ठेवता येते, आणि समुपदेशन व उपचार ठरवायला वेगळे मंडळ आहे. शिक्षेला मात्र खालची मर्यादा नाही, वरचीही नाही. त्याखाली पहिली शिक्षा झाली आरोल्डिस चॅपमनला, मार्च 2016 मध्ये, 30 सामने. पोलिसांनी गुन्हा दाखल केला नव्हता. इथे मला शिक्षेपेक्षा बाजारभाव जास्त बोलका वाटतो. आरोप बाहेर येताच एका मोठ्या क्लबाशी ठरत आलेला त्याचा सौदा फिसकटला आणि न्यूयॉर्क यांकीजने त्याला उतरलेल्या भावात घेतले. शिक्षा भोगून तो मैदानात आला, जुलैमध्ये यांकीजने त्याला शिकागो कब्जला देऊन बदल्यात उमदे तरुण खेळाडू पदरात पाडून घेतले, आणि त्या वर्षीचा किताब कब्जने जिंकला. घरातल्या हिंसेचा आरोप म्हणजे एका हुशार व्यवस्थापकासाठी सवलतीचा सेल ठरला. आपल्याकडचे व्यवस्थापक काही कमी हुशार नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने 2019 मध्ये जे केले ते मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. अकरा वर्षे किंवा त्याहून जास्त तुरुंगवासाची तरतूद असलेल्या गुन्ह्याचा आरोप लागला की खेळाडू आपोआप बाजूला. स्त्रिया आणि मुलांवरच्या हिंसेच्या इतर आरोपांत लीगला तसे ठरवता येते. पगार चालू राहतो, आणि हा दोषी ठरवणारा निर्णय नाही असे नियमातच लिहिले आहे. पहिला फटका बसलेला खेळाडू कोर्टात गेला. कोर्टाने नियम टिकवला.

आपल्या देशातले काय? मार्च 2018 मध्ये मोहम्मद शमी यांच्या पत्नीने त्यांच्यावर मारहाणीचे आणि इतरही आरोप केले, कोलकात्यात गुन्हा दाखल झाला. शमींनी सगळे आरोप नाकारले. त्यांत तथ्य किती हे ठरवणे कोर्टाचे काम, माझे नव्हे. मला रस आहे तो क्रिकेट मंडळाने काय केले त्यात. मंडळाने त्यांचा वार्षिक करार रोखून धरला आणि चौकशी भ्रष्टाचारविरोधी पथकाकडे दिली. पथकाने तपासले ते फक्त सामनानिश्चितीच्या पैशाबद्दलचे आरोप. ते निराधार ठरले आणि करार मिळाला, ब श्रेणीचा. खेळाला धोका आहे का, एवढाच प्रश्न मंडळाला पडला होता. घराला धोका आहे का, हे विचारायला त्यांच्याकडे ना पथक होते ना कलम. आता त्याच्या शेजारी जानेवारी 2019 ठेवा: हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल टीव्हीच्या गप्पांत बायकांबद्दल वाटेल ते बोलले आणि दोघांना दौऱ्यावरून परत बोलावून निलंबित केले. पुढे प्रत्येकी 20 लाखांचा दंड झाला. ते बोलणे गलिच्छच होते, कारवाई योग्यच. पण ती इतकी चटकन झाली, कारण ते साऱ्या देशाने पाहिले होते.

आणि फुटबॉल? मार्च 2024 मध्ये भारतीय महिला लीगच्या दुसऱ्या विभागासाठी गोव्यात आलेल्या दोन खेळाडूंनी राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीतल्याच एका सदस्यावर हॉटेलच्या खोलीत मारहाण केल्याचा आरोप केला. म्हापसा पोलिसांनी त्याला अटक केली, मग महासंघाने निलंबित केले. त्या मुली निदान खेळाडू होत्या. त्यांच्यासाठी नावाला का होईना, दारे आहेत. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण आणले आहे. खेळाडूची बायको यातल्या कोणत्याच दारात बसत नाही. ती खेळाडू नाही, कर्मचारी नाही, तिची कोणत्याही क्लबात नोंदणी नाही.

माझ्याकडे आलेल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा बचावफळीत खेळणारा, नाव बऱ्यापैकी झालेले. ती आली तेव्हा डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होते आणि काखेत प्लास्टिकची फाइल. मला वाटले, डॉक्टरचे कागद असतील. होता त्याचा करार. घरातले सगळे कागदपत्र तीच सांभाळायची. कुठला हप्ता कधी येणार, बोनस कशावर, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. एका पानावर तिने पेन्सिलीने बारीक खूण केली होती. क्लबाची प्रतिमा मलिन होईल असे वर्तन खेळाडूने केल्यास क्लब करार तत्काळ रद्द करू शकेल आणि उर्वरित रक्कम देणे लागणार नाही, असे ते कलम. तिने बोट ठेवून विचारले, "वकीलबाई, माझा मार ह्याच्यात बसतो काय?" मी म्हटले, बसवायचा म्हटला तर बसेल. ती म्हणाली, "मग आता नको. मार्चचा हप्ता येऊ दे."

अर्ज आम्ही मोसम संपल्यावर दिला. मधले महिने ती त्याच घरात राहिली.

बायकोला वाचवायला म्हणून कोणी ते कलम लिहिले नव्हते, पण तिला गप्प बसवायचे काम त्याने चोख केले. म्हणून माझे पहिले म्हणणे आपल्याला उलटे वाटेल: या बाबतीत दंड करू नका. पैसे कापू नका. गोव्यात तर मुळीच नको. आपल्याकडे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून घराघरात जिवंत आहे. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केलेला नसेल, आणि बहुतेकांनी केलेला नसतो, तर रजिस्ट्रारकडे दुसरी सही झाली की नवऱ्याच्या मिळकतीत बायको अर्ध्याची धनी. त्याच्या बुटांनी कमावलेले पैसे दोघांचे असतात. दंड कोणाच्या हिश्श्यातून वळता करायचा यावर आम्ही वकील इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीच्या, वेळी वर्षभर भांडू शकतो. तिच्या स्वयंपाकघरात मात्र त्या महिन्यालाच तेवढे कमी येतात. मार तिने खायचा, वर दंडातला अर्धा भागही तिनेच भरायचा, आणि क्लबाने पत्रक काढायचे की आम्ही कडक भूमिका घेतली.

मग काय करावे? खेळ थांबवा, पगार थांबवू नका. दंडाधिकाऱ्यांनी बाईला अंतरिम संरक्षण आदेश दिला किंवा पोलिसांनी आरोपपत्र ठेवले, की त्या दिवसापासून खेळाडू सामन्यांतून आणि क्लबाच्या जाहिरातींतून बाहेर. नुसत्या तक्रारीवर नको. आपल्याकडे एफआयआर कशी होते, आणि कशी होत नाही, हे मी रोज पाहते. अंतरिम आदेशामागे निदान एका न्यायाधीशाने कागद वाचलेला असतो. पगार बँकेतूनच द्या, रोखीचे पाकीट बंद. कारण कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये एक सुंदर सोय आहे: नवऱ्याने आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत तर दंडाधिकारी थेट मालकाला सांगू शकतात की या माणसाच्या पगारातला अमुक भाग परस्पर बायकोला द्या किंवा कोर्टात भरा. वर सांगितलेल्या प्रकरणात मी ते मागितले तेव्हा त्या क्लबाच्या कचेरीतल्या माणसाने मलाच विचारले, असे काही असते का? त्याला दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

प्रतिमेच्या कलमाला एक ओळ जोडा, की घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात ते वापरून खेळाडूची थकबाकी बुडवता येणार नाही. करार पुढे वाढवायचा की नाही, ते खुशाल ठरवा.

बाईशी बोलायचे असेल तर एकटीशी बोला, आणि बोलणारी व्यक्ती क्लबाची नको. प्रशिक्षकाची बायको नको, मैदानाला देणगी देणारा भाटकार, म्हणजे जमीनदार, तर नकोच. मला माहीत आहे, आपल्याकडे अशी प्रकरणे कशी मिटतात. उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी क्लबातली दोन वडीलधारी माणसे मिठाईचा पुडा घेऊन घरी जातात, त्याला चार शब्द सुनावतात, तिला दहा सुनावतात, आणि रविवारी तो अकरांत असतो. हा समेट बंद करा. तिला बोलायचेच नसेल तर तेही चालेल; कोर्टाचा आदेश पुरेसा आहे, तिची मुलाखत लागत नाही.

गुन्हा सिद्ध झाल्यावरची बंदी सामन्यांत मोजा आणि तिची किमान मर्यादा आधीच छापा, म्हणजे आपलाच स्टार सापडला तेव्हा ती पातळ करता येणार नाही. जॉश ब्राउनचे सहाचे एक झाले होते, ते पुरे. आणि ती बंदी खेळाडूच्या नोंदणीला चिकटलेली असू द्या, क्लबाला नको. इकडून एनओसी घेऊन तिकडे सही केली की पाटी कोरी, हा सेल गोव्यात नको. नोंदणी असोसिएशनच्या हातात आहे, म्हणजे हे आपण दिल्लीची वाट न पाहता करू शकता.

खोट्या तक्रारींचे काय, हा प्रश्न आपण विचारणार, आणि विचारावाच. ऑस्ट्रेलियात त्या नियमाखाली बाहेर बसलेला पहिला खेळाडू जॅक डी बेलिन. त्याच्यावरचा आरोप लैंगिक अत्याचाराचा होता, घरगुती हिंसेचा नव्हे. दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि 2021 मध्ये खटला मागे घेतला गेला. तोवर दोन वर्षांहून जास्त काळ त्याचा खेळ बंद होता. फुटबॉलपटूची दोन वर्षे म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगायला नको. ती परत मिळत नाहीत. ही किंमत खरी आहे. म्हणूनच पगारी बाजूला ठेवणे आणि शिक्षा या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या ठेवा, आणि कायद्यात अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे जे म्हटले आहे, ते व्हावे म्हणून कोर्टात पुढच्या तारखा मागत राहणाऱ्या खेळाडूच्या वकिलालाही चार शब्द सुनवा. तारखा लांबवण्यात हुशार कोण असते, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

क्रिकेट असोसिएशनलाही हे पत्र लागू आहे. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे, त्यामुळे सबबी कमी असाव्यात.

एक मसुदा मी तयार ठेवला आहे, दीड पानाचा, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत. फी नको. पुढच्या मोसमाच्या नोंदणीआधी कार्यकारिणीची बैठक होईल तेव्हा पंधरा मिनिटे द्या. मी येऊन वाचून दाखवीन, ओरखडे ओढा, भांडा, बदला. फक्त एक ओळ बदलू देणार नाही. खेळाडूने करारावर सही केली की या नियमाची एक प्रत त्याच्या घरी, लग्न झाले असेल तर त्याच्या बायकोच्या नावाने, टपालाने जाईल. खर्चाचा प्रश्न निघालाच तर पहिल्या मोसमाची टपालाची तिकिटे माझ्याकडून.

आपली,
म्हापशातील एक वकील आणि दुलेरची जुनी प्रेक्षक